भिंतीच्या अंगाला

"मरायचं असंल तर घरी मर. माझ्या दोरीला नगं."

आमच्या शाळेचा दिवस प्रार्थनेनं सुरू व्हायचा नाही, ह्या वाक्यानं व्हायचा. प्रार्थना नंतर, शाळेत पोचल्यावर. आधी जुन्या जालन्याच्या गल्लीगल्लीतून ही बाई यायची. हातात अंबाडीचा जाडजूड सोल, म्हणजे दोर, विहिरीतून पोहरा ओढायला असतो तसा. त्याचं टोक ती दाराच्या फळीवर हाणायची. फाट्! आणि मग ओरडायची, "पोरगी टाका बाहेर!"

नावानं हाक नाही, "झालं का ग तुझं" नाही. पोरगी टाका बाहेर. जशी काही आत राख साठलीय आणि उकिरड्यावर न्यायला ही आलीय.

मुलींना शाळेत न्यायला स्वतंत्र बाई लागते हे आज सांगितलं तर तुम्ही हसाल. पण निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. मुलींची मराठी शाळा नवी होती. पोरीनं एकटीनं रस्त्यानं जायचं नाही, हे मारवाड्याच्या घरी ठरलेलं होतं तसं कुणब्याच्या घरीही ठरलेलं होतं. म्हणून शाळेनं ही बाई पगारावर ठेवली. तिला बोलावणारी म्हणत. सकाळी घराघरातून पोरी गोळा करायच्या, शाळेत आणायच्या, सुटल्यावर जिला तिला जिच्या तिच्या उंबऱ्यात टाकायची. 'टाकायची' हा तिचाच शब्द. आम्ही तिला तोंडावर मावशी म्हणायचो. पाठीमागं काय म्हणायचो ते लिहीत नाही.

तुमच्याही गावात अशी एखादी असेल. आणि तिच्याविषयी लिहायची वेळ आली की वरून काटेरी पण आतून गोड, असं लिहिण्याचा मोह तुम्हालाही होईल. मला होत नाही. मी त्या दोरीला धरून चाललेली आहे. ही बाई आतूनही काटेरीच होती.

उंच, रुंद हाडाची, मिसरीनं काळे झालेले दात. एक डोळा बारीक करून बघायची. आमची नावं तिनं कधी घेतली नाहीत. कापडाच्या दुकानदाराची मुलगी ती 'ए कापड', किराणा दुकानाची ती 'ए गूळ'. माझा बाप केदारखेड्याचा, शेती करणारा. मी मामाकडं राहून शिकत होते, मामा मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, एका आडतीवर तोलाईला होता. म्हणून मी 'ए केदारखेडा'. अख्खं गाव माझ्या डोक्यावर ठेवून ती मला हाका मारायची.

दोरीला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. जोडीजोडीनं चालायचं, एक दोरीच्या ह्या अंगाला, एक त्या अंगाला. प्रत्येकीची गाठ ठरलेली. गाठ सोडून हात पुढं-मागं सरकला की मागून सोलाचं टोक पोटरीवर यायचं. ती स्वतः शेपटाकडं चालायची, गुराख्यासारखी. "पुढून वढलं तर बैल चालतो, पोरगी न्हाई," म्हणायची. "पोरीला मागूनच हाणावं लागतं."

आता रस्ता सांगते, कारण सगळं त्या रस्त्यावरच झालं.

गल्ल्या संपल्या की मोंढ्याचा रस्ता लागायचा. डाव्या हाताला कापसाच्या जिनाची, सरकी काढायच्या कारखान्याची, लांबच लांब भिंत. भिंतीच्या बुडाशी अरुंद नाली, तिच्यात वरच्या रंगाऱ्यांच्या घरचं निळं-लाल पाणी वाहायचं. उजव्या हाताला रस्ता, आणि हंगामात त्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. भोकरदनकडून, अंबडकडून रात्रभर चालत आलेल्या. सकाळी हर्राशी, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या आत मोंढ्यात शिरायचं, म्हणून गाडीवान रात्री थांबत नसत. आणि रात्रभर जागून सकाळी नेमकं जालन्यात शिरल्यावर त्यांचा डोळा लागायचा. कापसाच्या ढिगावर हातपाय पसरून मेल्यासारखे झोपायचे. बैल पुढच्या गाडीचा माग धरून आपलेआप चालायचे. म्हणजे आम्ही शाळेत जायचो त्या वेळी तो रस्ता बैल चालवत असत.

मावशी जाताजाता एकेका गाडीच्या फळीवर सोल हाणायची. "ऊठ मुडद्या! सासुरवाडीला आलास का? पोरी चालल्यात!" कुणी उठायचा, शिवी द्यायचा, परत झोपायचा. शिवीला ती शिवी द्यायची, आणि ती दुप्पट घाण असायची. आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. चांगल्या घरच्या पोरींनी ज्या शिव्या कधी ऐकल्या नसत्या त्या आम्हाला तिसरीत पाठ होत्या.

तर त्या दोरीला दोन अंगं. एक भिंतीचं, एक रस्त्याचं. भिंतीच्या अंगाला शेठ लोकांच्या पोरी. रस्त्याच्या अंगाला आम्ही, गाववाल्या, कुणबटाच्या, सुताराच्या, लोहाराच्या. हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं खांद्याला धरून उभं केलं, तिथं आम्ही वर्षानुवर्षं चाललो. सगळ्यात मागची गाठ माझी, रस्त्याच्या अंगाला. माझ्या जोडीला भिंतीकडून चंदा, कापडाच्या दुकानाची. तिच्या परकराला जर आणि माझ्या परकराला ठिगळ, मधे दोरी.

मी लहानपणापासून तोंडाची फटकळ. एकदा मी विचारलंच. "मावशी, मीच का नेहमी गाड्यांच्या अंगाला?"

ती चालता चालता मिसरी थुंकली. "तू मेली तर तुझा बाप काय करंल?"

मी बोलायच्या आत तीच पुढं म्हणाली,

"रडंल. मंग दुसरी पोरगी काढंल. शेठाची पोरगी मेली तर शेठ काय करंल?"

"काय?"

"शाळा बंद करंल. जागा त्याची, पैका त्याचा. मंग तू कुठं जाशील ग मरायला? केदारखेड्याला. चूल फुकत." आणि पोटरीवर सोल. "चल. गाठ सोडू नको."

एवढ्या स्पष्टपणे माझी किंमत मला त्यानंतर कुणीच सांगितली नाही. कॉलेजातही नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी सगळे अंगठे होते, मी बी.ए. झाले, आणि ते स्वतःच्या डोक्यानं झाले, कुणाच्या उपकारानं नाही. पण शाळेची मेख कुठं आहे हे मला त्या रस्त्यावर, त्या वयात कळलं. ते सांगणारी ही बाई. शाळा टिकली तर मी शिकणार. शाळा शेठांच्या पोरींवर टिकलेली. आणि शेठांच्या पोरी माझ्या आडोशानं चाललेल्या.

ती बोलत होती ते खोटंही नव्हतं. आदल्याच वर्षी एका टांग्याचा दांडा किराणावाल्याच्या पोरीला, आमच्या गुळीला, लागला होता. लागला म्हणजे काय, कोपर खरचटलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, पोरगी टांग्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी मावशीनं दारावर सोल हाणला, तर दार उघडेना. शेजारच्या दाराचंही तेच. निम्मी दोरी मोकळी. माझी मामीही म्हणाली, "उद्या काही झालं तर दाजींना मी काय तोंड दाखवू? गावाकडं धाडून द्या हिला."  माझं बोचकं बांधायला काढलं होतं.

मावशीनं काय करावं? ती गुळीच्या दारात जाऊन फतकल मारून बसली. मी दोरीला धरून मागं उभी होते. शेठाणी बाहेर आली.

"टांग्यानं न्हाई लागलं," मावशी म्हणाली. "मी मारलं."

"तू मारलंस?"

"चालताना तोंड चालू व्हतं हिचं. दिली एक सोलाची. पडली. टांगा कुठं व्हता तिथं? टांगा लई पुढं गेल्ता."

आतून गुळी काही बोलायला गेली. मावशीनं तिच्याकडं तो बारीक डोळा केला. गुळी दाराआड झाली.

शेठाणीनं सुस्कारा सोडला. "मारलं होय. मंग ठीक. मी म्हटलं टांगा."

झालं. दारं उघडली. पोरीला मारलं तर शिस्त, आणि चाक लागलं तर अपघात. मारून घ्यायला पोरी पाठवायची कुणाची ना नव्हती. त्या दिवसापासून मावशी पोरींना फार मारते अशी गावभर ख्याती झाली आणि तिनं ती आनंदानं मिरवली. मारायचीच ती. त्या एका दिवशी तेवढं मारलं नव्हतं.

मामीनं माझं बोचकं सोडलं. पण काढून ठेवलं ते कोनाड्यातच, हाताशी.

मग तो हंगाम आला. कापूस उदंड पिकला होता त्या साली. गाड्यांची रांग नदीपर्यंत जायची. त्यात मोंढ्यात एक-दोन लॉऱ्या नव्यानंच फिरायला लागल्या होत्या. ड्रायव्हर लोकांना भोंगा वाजवायची भारी हौस. माणूस बघितला की वाजव, कुत्रं बघितलं की वाजव.

आम्ही भिंतीच्या मध्यावर होतो. मागून लॉरी आली आणि आमच्या बरोबरीनं चाललेल्या गाडीच्या कानाशीच भोंगा वाजला. ते बैल बिचारे झोपेत चालल्यासारखे चालत होते. बिथरले. रांग सोडून थेट भिंतीकडं वळले. आमच्याकडं.

"भिंतीला!" ती ओरडली, आणि सगळा सोल भिंतीकडं ओढला. पुढच्या सगळ्या पोरी एकमेकींवर आदळत भिंतीला चिकटल्या. माझी गाठ शेवटची. दोरी भिंतीकडं गेली तरी मी रस्त्यावरच राहिले. मला गाडीचं जू दिसलं, बैलाच्या तोंडाचा फेस दिसला. मग माझ्या पाठीत काहीतरी बसलं. लाथ होती ती. माणूस दार मोडायला घालतो तशी. मी चंदाच्या पायांमधून तोंडावर नालीत गेले.

वर आले तेव्हा गाडी पुढं गेली होती. बैल थोडे पळाले आणि पुढच्या गाडीच्या मागं जाऊन परत शहाण्यासारखे चालू लागले. गाडीवान कापसावर तसाच पसरलेला होता. तोंड उघडं. तो उठलाच नाही. आपल्या गाडीखाली काय आलं हे त्या माणसाला कधीच कळलं नसणार. मोंढ्यात जाऊन त्यानं कापूस विकला असेल, भजी खाल्ली असतील आणि गेला असेल गावाला.

मावशी उभी होती. लाथ घालायला एक पाय उचलला, तेव्हा दुसरा रस्त्यावर राहिला होता. त्याच्यावरून चाक गेलं होतं. लोखंडी धावेचं, भरल्या गाडीचं. पायाचा पंजा चपटा झाला होता आणि तिच्या पायात उरलेलं एकुलतं जोडवं बोटात रुतून बसलं होतं. चांदी दिसत नव्हती. नुसतं मांस दिसत होतं.

ती ओरडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी गुडघ्यापर्यंत निळी, छातीपर्यंत लाल.

"परकर कुणाच्या बापानं घेऊन दिलाय ग? बघ काय केलं त्याचं!"

मग ती आमच्याकडं वळली. तोंडावरचा रंग गेला होता, पण डोळा तोच बारीक.

"कुणी काय पाह्यलं?"

 चंदाला राहवलं नाही. "मावशी, तुमच्या पायावरून गाडी..."

फाट्! सोल चंदाच्या पोटरीवर. शेठाच्या पोरीला तिनं त्याआधी रस्त्यात मारलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

"कुणाच्या पायावरून?"

चंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणाच्याच न्हाई."

"बराबर. मंग पायाला काय झालं माझ्या?"

 तिनंच सांगितलं, पाढा घ्यावा तसं. "जात्याची तळी पडली. घरी पडली. सकाळी पडली. म्हणा."

आम्ही म्हटलं. मोंढ्याच्या रस्त्यावर, भिंतीला चिकटून, सगळ्या पोरींनी एका सुरात म्हटलं, "जात्याची तळी पडली. घरी पडली. सकाळी पडली."

"घरी कुणी बोललं तर जीभ हासडून नालीत टाकीन. चला. दोरी धरा. उशीर होऊन राह्यला."

आणि आम्ही शाळेत गेलो. धुळीत एक पाय कोरडा उमटत होता, एक ओला. त्या दिवशी मी वर्गात रंगीत परकरानं बसले. घरी मामीनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, मावशीनं नालीत ढकललं. मामी म्हणाली, "काही तरी केलं असशील. बरं झालं."

दुसऱ्या दिवशी ती आली. मला वाटलं होतं येणार नाही. दारावर सोल पडला, "पोरगी टाका बाहेर!" पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, त्यात हळद आणि जाळलेल्या कापसाची राख भरलेली. कापूस रस्त्यावर सांडलेलाच वेचलेला. लंगडत, पण वेळेवर.

पोरींसारखी निर्दय जात नाही. महिना झाला नसेल तोवर तिची लंगड आमचा खेळ झाली. मधल्या सुट्टीत चंदा ओढणीची दोरी करायची आणि लंगडत "पोरगी टाका बाहेर" करायची, आम्ही हसून लोळायचो. मीही हसायचे. खरंच हसू यायचं. एकदा मावशीनं ते पाहिलं.  ती जवळ आली, चंदाची नक्कल खालीवर न्याहाळली.

"डावा न्हाई ग," म्हणाली. "उजवा. करायचं तर बराबर कर." आणि मग ठेवून दिली एक.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, तिला एकदा खोलीत बोलावलं. मी फळ्याचं फडकं झटकत दाराशीच होते. "अहो, हे बरं दिसत नाही. दवाखान्यात जा. ते जोडवं कापून काढतील, मग पाय धुता येईल."

"जोडवं कापू देत न्हाई."

"का?"

"नवरा जिता हाय."

मोठ्या बाई चकित झाल्या. तिला नवरा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "कुठं असतो?"

"हैदराबादेकडं गेल्ता. धा वर्सं झाली का काय. कुठं हाय ते मला काय ठाव? पण जिता हाय." आणि दाराकडं वळली. "जात्याची तळी पडली, बाई. व्हईल बरं."

मोठ्या बाई शिकलेल्या होत्या, भल्या होत्या. त्यांनी पुढं जोर केला नाही. दुसऱ्याचं जोडवं कोण कापणार?

मग वास येऊ लागला. आधी मलाच, कारण शेवटची गाठ माझी. मग सगळ्यांना. पोरी पुढच्या गाठींसाठी भांडायच्या. चंदा रुमालाला अत्तर लावून आणायची आणि नाकाला धरून चालायची. रस्त्याच्या अंगाला गाड्या, मागं हा वास, आणि मध्ये मी. मी त्या दिवसांत तोंडानं श्वास घ्यायला शिकले.

आम्ही सांगितलं असतं की चाक गेलं, तर कुणीतरी धरून तिला दवाखान्यात नेलं असतं, हे मला आज कळतं. तिला ते तेव्हाच कळत होतं. आणि दुसऱ्या दिवशी निम्मी दारं बंद राहिली असती, हेही कळत होतं. म्हणून मी बोलले नाही. कोनाड्यातलं बोचकं मला रोज दिसत होतं. आज परत ती वेळ आली तरी मी बोलणार नाही.

चंदाही बोलली नाही. शब्दाची पक्की. गाडीचं अवाक्षर काढलं नाही तिनं घरी. वासाचं तेवढं सांगितलं.

एका सकाळी चंदाच्या दारावर सोल पडला. शेठाणी नाकाला पदर लावून उंबऱ्यात आल्या. "मौसी, कल से हमारे दरवाजे मत आना. आत देवपूजा चाललेली असते, सगळीकडं वास होतो."

"पोरगी टाका बाहेर."

"पहले पाँव का इलाज कर."

"पायाचं पाय बघंल. पोरगी द्या. उशीर होऊन राह्यला."

त्या दिवशी चंदा आली. पण आठवड्याच्या आत शेठ मंडळींनी मोठ्या बाईंना निरोप धाडला. मोठ्या बाईंनी मावशीला बोलावलं. मी ह्या वेळीही दाराशी होते, आणि ह्या वेळी मुद्दाम होते.

 मोठ्या बाईंनी टेबलावरची दौत उगाच इकडची तिकडं केली. "तुम्हाला... थोडे दिवस... म्हणजे आता नकोच म्हणतात सगळे."

"कशापायी?"

"तो वास येतो म्हणून."

 मावशीनं विचारलं, "गाडीबिडीचं काय म्हणलं कुणी?"

"गाडी? कसली गाडी?"

"न्हाई. वासापायीच ना?"

"हो."

"मंग ठीक."

तिनं दोरी भिंतीच्या खुंटीला अडकवली आणि गेली. जाताना माझ्या अंगावरून गेली. मला वाटलं काही बोलेल. "फळा पूस," म्हणाली.

त्यानंतर शेठ मंडळींनी आपल्या पोरींसाठी टांगा लावला. पडद्याचा. तो सकाळी घुंगरू वाजवत जायचा, आतून चंदा पडदा बोटभर सारून आमच्याकडं बघायची. आम्ही मात्र पायीच. नवी बाई शाळेनं ठेवली नाही. ज्यांच्यासाठी ठेवायची त्या टांग्यात बसल्या होत्या. मी थोराड होते म्हणून दोरी माझ्या हातात दिली, आणि माझ्या मामीसह कुणीच तक्रार केली नाही. तोपर्यंत पोरी शाळेत जातात ही सवय झाली होती. त्या हंगामात एकही पोरगी घरी बसली नाही. हे मी ठासून लिहिते.

आम्ही आपापल्या गाठी धरून चाललो. जिच्या तिच्या ठरलेल्या गाठी. म्हणजे कसं, तर भिंतीचं सगळं अंग मोकळं आणि रस्त्याच्या अंगाला आमची रांग, गाड्यांच्या चाकाला लागून. दोरीच्या पलीकडं कुणी नाही, तरी आमच्यापैकी एकीला पलीकडं सरकायचं सुचलं नाही. मला, जिला वर्गात पहिला नंबर यायचा, तिलाही नाही.

थंडी सरत आली होती. एका सकाळी भिंतीच्या टोकाला, एका बंद दुकानाच्या ओट्यावर कुणीतरी गोणपाट पांघरून बसलेलं दिसलं. आम्ही पुढून गेलो, तोच ओट्यावर फाट् असा आवाज झाला. हातात कुबडीचं लाकूड होतं.

"डोळे फुटले का ग तुमचे? भिंत कुणासाठी ठेवली मोकळी? शेठ येणार हाय का चालाया?"

आम्ही थबकलो.

"सरका! मुडद्यांनो, सरका भिंतीला!"

आम्ही सरकलो. एकदम, ढकललं असावं तशा. पहिल्यांदाच माझा खांदा त्या भिंतीला लागला. चुना गार होता.

मी दोरी पुढच्या पोरीच्या हाती दिली आणि ओट्यापाशी गेले. गोणपाटाखाली एकच पाय दिसत होता. दुसरा गुडघ्याखाली नव्हता. मी वाकून नमस्कार करावा म्हणून नव्हते गेले. मला बघायचं होतं, आणि तिला ते कळलं. तिनं गोणपाट बाजूला केलं. "बघ."

"मावशी, पाय..."

"मेला."

"दवाखान्यात?"

"घरीच मेला. तिथं नेल्यावर नुसता कापला." तिनं मिसरीचे काळे दात दाखवले. हसली असावी. "दोरीला न्हाई मेला."

"आणि जोडवं?"

"गेलं पायासंगं. आता तो मेला का जिता, बघायला नगं." मग एकदम तो बारीक डोळा. "ए केदारखेडा, शाळेत जायचं हाय का इथं बसून माझं तोंड बघायचं? चल हो!" आणि कुबडीचं लाकूड माझ्या पोटरीवर. पायावर उभी नव्हती तरी नेम चुकला नाही.

होळीपर्यंत ती त्या ओट्यावर दिसायची. आम्ही जवळ आलो की लाकूड आपटायची, "सरका!" आम्ही सरकलेल्याच असायचो, तरी ती आपटायची. कापसाच्या गाडीवर कुणी झोपलेला दिसला तर तिथूनच त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. चंदाचा टांगा गेला तर तोंड फिरवून थुंकायची, पण टांगा गेल्यावर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावाला गेले. शाळा परत सुरू झाली, तर ओट्यावर एक कुत्रं झोपलेलं. कुणी म्हणालं बहिणीकडं गेली, कुणी म्हणालं गेलीच. मोठ्या बाईंना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. नाव कुणाला माहीत असतं तर शोध घेता आला असता. पगाराच्या वेळीही ती 'बोलावणारी बाई' एवढीच होती म्हणे.

त्या वर्षी सुताराची धाकटी पोरगी नव्यानं दोरीला आली. चुरूचुरू बोलणारी. तिच्या थोरल्या बहिणीनं घरी मावशीच्या गोष्टी सांगितल्या असाव्यात. ओट्यापाशी आल्यावर तिनं गाठ सोडली, कुत्र्याकडं बोट केलं आणि मला विचारलं, "ताई, ती मावशी कुठं गेली?"

रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, रिकाम्या, खडखडत. मी सोलाचं टोक तिच्या पोटरीवर हाणलं.

"गाठ धर," मी म्हटलं.